पुस्तकातला शब्द आणि बसमधला शब्द

ठाण्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या घोडबंदर रोडला राहतात. मुलगी एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववीत आहे आणि त्या स्वतः पालक-शिक्षक संघाच्या सभासद आहेत. नववीला यंदा हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी लावली आहे: बलात्काराचा खोटा आळ आलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाचा खटला लढवणाऱ्या गोऱ्या वकिलाची, त्याच्या लहान मुलीने सांगितलेली गोष्ट. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना दिली जाणारी, 'एन'पासून सुरू होणारी शिवी तिच्यात बऱ्याच ठिकाणी येते. वर्गात प्रकटवाचन झालं, तो शब्द मोठ्याने वाचला गेला. चार दिवसांत शाळेच्या बसमध्ये काही मुलं वर्गातल्या एका सावळ्या मुलाला त्याच शब्दाने हाक मारू लागली. मुलगा दोन दिवस शाळेत गेला नाही. त्याच्या आईने पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुस्तक बंद करण्याची मागणी केली आणि ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडले. 'अभिजात साहित्यावर बंदी कसली?' असं अर्धे जण म्हणतात. 'आपल्या मुलांना तिकडच्या शिव्या शिकवायच्याच कशाला?' असं उरलेले म्हणतात. सोमवारी पीटीएची मीटिंग आहे. ताई लिहितात, "मी वाचणाऱ्या घरातली. पुस्तकावर बंदी म्हटलं की अंगावर काटा येतो. पण त्या मुलाच्या आईसमोर हे बोलायला जीभ रेटत नाही. शिवाय हा प्रश्न त्यांच्याकडचा, आपल्याकडे कुठे आहे वर्णद्वेष? मग आपण का भांडतोय? मी कोणत्या बाजूने मत देऊ?" आणि सहीच्या वर, बारीक अक्षरात एक ओळ आहे: "बसमध्ये सगळे हसले तेव्हा मीही हसले, असं माझ्या मुलीनेच मला सांगितलं."

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी मला माझ्या वर्गातली एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कारण ती सांगितल्याशिवाय या विषयावर सल्ला द्यायचा मला अधिकार नाही असं वाटतं.

मी बरीच वर्षं नववी-दहावीला मराठी शिकवलं. एका वर्षी एका दलित लेखकाच्या आत्मकथनातला उतारा घेतला होता. गावातला एक मोठा माणूस शाळकरी पोराला त्याच्या जातीवरून हाक मारतो, असा प्रसंग. नेहमीप्रमाणे मी ओळीने वाचन लावलं होतं, एकेका मुलीला एकेक परिच्छेद. खिडकीजवळच्या रांगेत तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची, खणखणीत वाचायची. ती त्या शब्दापाशी आली, क्षणभर थांबली आणि तेवढा शब्द गाळून पुढे गेली. मी पुस्तकातून मान वर न काढता म्हटलं, "एक शब्द सुटला बघ. वाक्य परत घे." तिने वाक्य परत घेतलं. शब्द वाचला. मागच्या बाकांवर कुजबुज झाली तेव्हा कुठे मी वर पाहिलं. ती खाली बसली होती आणि पानाच्या कोपऱ्याला घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. तिची जात मला माहीत नव्हती. वर्गाला माहीत होती. त्या वर्षात तिने वाचनासाठी पुन्हा कधी हात वर केला नाही.

तो उतारा उत्तम होता. तो आजही मुलांना शिकवावा असंच मी म्हणेन. मी तो शिकवला कसा, त्याची बोच मात्र अजून जात नाही.

अमेरिकेतल्या लेखिका टोनी मॉरिसन यांनी १९९६ साली मार्क ट्वेन यांच्या 'हकलबेरी फिन'च्या एका आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. 'एन'वाली ती शिवी याही कादंबरीत आहे. त्यांना तोवर नोबेल मिळालेलं होतं. ती कादंबरी त्यांनी लहानपणी आधी एकटीने वाचली होती आणि तेव्हा वाटलेली भीती त्यांच्या लक्षात राहिली होती. नंतर शाळेत इंग्रजीच्या शिक्षकांबरोबर वाचली, तर त्रास कमी व्हायचा तो वाढला. पुस्तकाला चांगलं म्हणायचं तर लाजिरवाण्या गोष्टीला आपणही मूक संमती द्यायची, अशी काहीतरी घुसमट. तरीही अशी पुस्तकं शाळांच्या यादीतून काढून टाकणं म्हणजे मोठ्यांची समजूत घालणं, त्यात मुलांचं शिक्षण होत नाही, असं मत त्यांनी दिलं. एखाद्या जाणत्या शिक्षकाने त्या शब्दाबद्दल वर्गात नीट, गंभीरपणे चर्चा केली असती तर आम्हा सगळ्यांचा त्रास वाचला असता, असंही त्या लिहितात. हे वाचताना मला माझी तिसऱ्या बाकावरची मुलगी दिसते. मॉरिसन त्याच बाकावर बसलेल्या होत्या.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. 'मी कोणत्या बाजूने मत देऊ' असं तुम्ही विचारता, म्हणजे बाजू दोनच आहेत हे तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं, तुमच्या ग्रुपवर दोन वेगळ्या गोष्टी एकाच दोरीला बांधल्या गेल्या आहेत. एक, छापील पानावरचा शब्द. दुसरी, बसमध्ये एका जिवंत मुलाला मारलेली हाक. पहिलीबद्दल विचारी माणसांत मतभेद असू शकतात. दुसरीबद्दल मतभेदाला जागाच नाही. आणि पुस्तकाची बाजू घेणाऱ्यांनी दुसरीबद्दल चकार शब्द काढला नसेल, तर त्या आईला राग येणारच. तिला 'अभिजात' हा शब्द ऐकू येतो आणि आपलं मूल ऐकू येत नाही.

हा गुंता नवा नाही. अ‍ॅरिझोना राज्यातल्या एका कृष्णवर्णीय आईने आपल्या नववीतल्या मुलीसाठी शाळेविरुद्ध दावा लावला होता. 'हकलबेरी फिन' सक्तीच्या वाचनात होतं, त्यात ती शिवी दोनशेहून जास्त वेळा येते, आणि पुस्तक सुरू झाल्यावर वर्गातली मुलं तीच शिवी मुलीला देऊ लागली, अशी तक्रार होती. १९९८ साली अपिलाच्या कोर्टाने निकाल देताना दोन्ही गोष्टी सुट्या केल्या. पुस्तक अभ्यासक्रमातून काढायला कोर्टाने नकार दिला. पण मुलांना वंशावरून शिव्या दिल्या जातात हे माहीत असून शाळेने काही केलं नाही, ही तक्रार मात्र खटला चालवण्याजोगी आहे असं बजावलं. पुस्तक राहील, आणि म्हणूनच शाळेची जबाबदारी वाढते, असा त्याचा अर्थ मी घेते.

तेव्हा सोमवारच्या मीटिंगला एकच विषय ठेवू देऊ नका. दोन ठेवायला सांगा, आणि बसचा विषय आधी घ्या. बस हा शब्द मी मुद्दाम वापरते. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये मुलं तास तास अडकून पडतात, तिथे शिक्षक नसतात. एक मावशी असते. तिला 'काळ्या' म्हटलेलं कळलं असतं, तिने पोरांना दटावलंही असतं. हा इंग्रजी शब्द तिच्या कानावरून नुसता गेला असेल. परक्या शिवीचा हाच सोयीस्करपणा मुलांनी हेरलेला असतो. घरचा शब्द वापरला तर थोबाडीत बसेल, हा वापरला तर आजी म्हणेल, पोरगं इंग्रजी छान बोलतं.

यावरूनच तुमच्या दुसऱ्या गृहीतकाकडे वळते, की हा प्रश्न 'त्यांच्याकडचा' आहे. ताई, त्या मुलांनी तो शब्द वर्गातल्या वाटेल त्या मुलाला लावला नाही. सावळ्या मुलालाच लावला. म्हणजे निशाणा आधीपासून तयार होता, कादंबरीने फक्त नवा दगड हातात दिला. 'गोरीपान' ही आपल्या लग्नाच्या जाहिरातीतली पात्रता आहे. 'हबशी' हा शब्द आपण पिढ्यान्‌पिढ्या टिंगलीला वापरत आलो, तोही शेजारच्या रायगडात जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास उभा असताना. ईशान्येकडच्या मुलामुलींना आपल्या शहरांत कोणत्या नावाने हाका मारतात, हे तुमच्या मुलीलाही माहीत असेल. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचल प्रदेशचा नीडो तानिया हा विद्यार्थी अशाच टिंगलीतून झालेल्या मारहाणीनंतर मरण पावला.

आणि जातीवरच्या शिव्या? त्या तर आपल्या म्हणींत बसल्या आहेत. जुन्या म्हणींचा कोणताही संग्रह उघडा, दर चार पानांवर कुठल्यातरी जातीचा पाणउतारा सापडेल.

महात्मा फुल्यांना मात्र अमेरिका परकी वाटली नव्हती. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी तिथल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. आपले देशबांधव त्यांचा कित्ता गिरवतील अशी आशाही त्यांनी तिथेच व्यक्त केली. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्यु बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलेलं. महाराष्ट्रातल्या नववीच्या मुलांना ही कादंबरी शिकवायची आणि हे सांगायचं नाही, तर मग ती शिकवण्यात अर्थच काय?

आता पुस्तकाकडे. 'बंदी' हा एकच शब्द सगळे वापरताहेत, पण त्याच्या पोटात तीन-चार निरनिराळे निर्णय आहेत. पुस्तक लायब्ररीतून काढणं वेगळं, सक्तीच्या यादीतून काढून ऐच्छिक ठेवणं वेगळं, पुस्तक ठेवून तो शब्द बदलणं वेगळं. लायब्ररीतून काढायला माझा ठाम विरोध आहे. आपल्या ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चाललं आहे. इतक्या जुन्या कुठल्याही ग्रंथालयात आज वाचताना मान खाली जावी अशी पुस्तकं असणारच, आणि ती तिथेच असली पाहिजेत. नाहीतर आपण कसे होतो याचा पुरावा कुठे शोधायचा?

सक्तीच्या यादीचं तसं नाही. यादीत पन्नास-साठ मुलांना एकत्र, एका वेळी, सुटका नसताना वाचायला लावलेलं पुस्तक असतं. अमेरिकेत मिनेसोटातल्या डलूथ शहराच्या शाळांनी २०१८ मध्ये 'मॉकिंगबर्ड' आणि 'हकलबेरी फिन' दोन्ही सक्तीच्या यादीतून काढली, लायब्ररीत ठेवली, आणि तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या स्थानिक अध्यक्षांनी त्याचं स्वागत केलं. याला बंदी म्हणून नावं ठेवणं मला पटत नाही. शिक्षणाचा खर्च दर वेळी वर्गातल्या त्याच दोन-तीन मुलांच्या खिशातून का करायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. उलट, मिसिसिपीत बिलॉक्सीच्या शाळांनी २०१७ मध्ये हेच पुस्तक आठवीच्या यादीतून काढलं आणि कारण दिलं, की त्यातल्या भाषेमुळे लोक अस्वस्थ होतात. कोण अस्वस्थ होतं आणि कशाने, हे विचारल्याशिवाय या कारणाला काही किंमत नाही. ज्याला शिवी लागते तो अस्वस्थ होतो, आणि ज्याला आपल्या पूर्वजांची गोष्ट ऐकायची नसते तोही. १८८५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्डच्या लायब्ररीने 'हकलबेरी फिन' काढलं, १९६६ साली व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर काउंटीने 'मॉकिंगबर्ड' अनैतिक ठरवलं, तेव्हा कारण ती शिवी नव्हती. एकाला भाषा गावंढळ वाटली होती, दुसऱ्याला बलात्काराचा विषय नको होता. तुमच्या ग्रुपवर पुस्तक नको म्हणणाऱ्यांतही, ज्यांना शिवी लागते असे आणि ज्यांना तो विषयच नको असे, दोन्ही प्रकार असतील. त्या मुलाची आई पहिल्या प्रकारातली आहे. तिला दुसऱ्यांच्या गर्दीत ढकलू नका.

शब्द बदलण्याचा मार्गही करून पाहिला गेला आहे. २०११ मध्ये 'हकलबेरी फिन'ची एक आवृत्ती निघाली, तिच्यात त्या शिवीच्या जागी सगळीकडे 'गुलाम' घातलं. हेतू चांगला असेल, पण गुलाम ही कायद्याने लादलेली अवस्था आहे, ती कायद्याने संपते. शिवीतला तिरस्कार कायदा बदलल्यावरही उरतो, आणि पुस्तक त्या उरलेल्याबद्दलच तर बोलतं. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. तो मला मनापासून योग्य वाटला, कारण रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर अपमान पत्ता म्हणून लिहायला कुणावर वेळ येऊ नये. पण म्हणून बाबूराव बागुलांच्या कथांमधून ती नावं खोडायची, असं कुणी म्हटलं तर मी आडवी येईन.

इथे आणखी एक फरक मनात ठेवा. 'उपरा', 'अक्करमाशी', 'उचल्या' ही आपल्याकडची आत्मकथनं घ्या. ज्या शब्दांनी हिणवलं गेलं तेच शब्द लेखकांनी स्वतः मुखपृष्ठावर लावले. ज्याला दगड लागला त्याने तो उचलून दाखवला. 'मॉकिंगबर्ड'ची लेखिका गोरी आहे, सांगणारी मुलगी गोरी आहे, वकील गोरा आहे, आणि ज्याच्यावर खोटा आळ येतो त्या टॉम रॉबिन्सनला स्वतःचं म्हणून बोलायला फार थोडी पानं मिळतात. कादंबरी मला प्रिय आहे, पण ती एकटी शिकवू नये असं माझं मत झालं आहे. तिच्या जोडीला मिल्ड्रेड टेलर यांची १९७६ सालची 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' घ्यावी. काळ तोच, १९३० च्या दशकातला, दक्षिणेतलंच राज्य, फक्त सांगणारी नऊ वर्षांची मुलगी कृष्णवर्णीय आहे, आणि लेखिकाही. तीही सोवळी नाही, तो शब्द तिच्यातही आहे. पण तो ऐकणाऱ्याच्या कानाने येतो. मराठीच्या बाईंनी त्याच आठवड्यात फुल्यांची ती अर्पणपत्रिका वर्गात वाचली, तर मुलांना दोन्ही विषयांचा धागा आपोआप सापडेल.

मीटिंगमध्ये तुम्ही एवढं मागू शकता. तो शब्द पुस्तकात राहील, पण वर्गात कुणी मोठ्याने वाचणार नाही, शिक्षकसुद्धा नाही. त्या जागी थांबायचं, पुढे जायचं. माझ्या वर्गातल्या मुलीने आपणहून केलं तेच, फक्त सगळ्यांनी. ओळीने वाचन आणि प्रवेश करून दाखवणं या पुस्तकापुरतं बंद. पहिलं पान उघडण्याआधी एक पूर्ण तास त्या शब्दाचा इतिहास सांगायला. पालकांना आधी चिठ्ठी. एखाद्या मुलाला दुसरं पुस्तक हवं असेल तर ते कारण न विचारता मिळावं, आणि त्यासाठी त्याला वर्गाबाहेर बसवू नये, नाहीतर सगळ्या शाळेत बोभाटा होतो. आणि हे सगळं सांभाळायला तयारी असलेले शिक्षक शाळेकडे नसतील, तर यंदा पुस्तक थांबवून पुढच्या वर्षी तयारीने घ्या, असं तुम्ही खुशाल म्हणा. बंदीची बाजू घेतली असं त्याने होत नाही.

बसमधल्या मुलांना निलंबित करा, अशीही मागणी होईल. मी असते तर घाई केली नसती. त्यांच्या आई-वडिलांना बोलावणं, लेखी नोंद करणं, त्या मुलाशी काय बोलायचं ते त्या मुलाला विचारून ठरवणं, बसमध्ये महिनाभर एक शिक्षक ठेवणं, एवढं तरी आधी व्हावं. सगळ्या वर्गासमोर माफी मागायला लावू नका. त्यात पुन्हा पन्नास डोळे त्याच मुलाकडे वळतात.

आता ती बारीक अक्षरातली ओळ. तुमची मुलगी हसली, आणि तिने ते तुम्हाला येऊन सांगितलं. न विचारता सांगितलं, म्हणजे तिला ते जड झालंय. पुस्तक राहावं की जावं या प्रश्नात तुम्ही इतक्या अडकला आहात, त्यामागे ही ओळ असावी असं मला वाटतं. पुस्तक दोषी ठरलं तर तिचं हसणं पुस्तकाच्या खात्यावर जाईल. पुस्तक निर्दोष ठरलं तर विषय संपेल. दोन्हीत तिच्याशी बोलायचं राहून जातं.

तिला रागावू नका, आणि 'जाऊ दे, सगळेच हसले' असंही म्हणू नका. तिच्याच कादंबरीतलं नववं प्रकरण उघडा. गोष्ट सांगणारी छोटी स्काउट आपल्या वकील वडिलांना विचारते, तुम्ही अमक्यांचे खटले लढवता का, आणि तोच शब्द वापरते. वडील म्हणतात, लढवतो, पण तो शब्द बोलू नकोस, हलका आहे तो. ती म्हणते, शाळेत सगळेच म्हणतात. त्यावर ते म्हणतात, आजपासून सगळे वजा एक. तेवढं पान दोघी मिळून वाचा. मग तिला विचारा, उद्या बसमध्ये परत तसं झालं तर तू काय करशील? ती म्हणेल, मला एकटीला बोलायची भीती वाटते. ती भीती खरी आहे. बोलता नाही आलं तर जागा बदलून त्या मुलाच्या शेजारी जाऊन बस, एवढं तिला सुचवा. नववीतल्या मुलीला हे जमतं, आणि बसमधल्या सगळ्यांना ते बरोबर कळतं.

राहता राहिली त्या मुलाची आई. सोमवारच्या आधी तिच्याकडे जा. ग्रुपवर काही लिहू नका, फोन करा आणि जा, जमलं तर मुलीला घेऊन. पुस्तकाबद्दल तुमचं मत तिने विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर नका सांगू. आधी मुलगा कसा आहे ते विचारा, आणि ती जे सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या.

तुमची,
एक जुनी शिक्षिका